लेकीला मी कंपाउंडर म्हणालो

२०२२ चा मे महिना. मुलगी बायॉलॉजीची पदवी घेऊन नुकतीच घरी आली होती. मी ओट्याशी कांदा चिरत होतो. ती पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी मेडिकल स्कूलला अर्ज करणार नाहीये. पीए स्कूलला करणार आहे." मी सुरीही खाली ठेवली नाही. म्हणालो, "म्हणजे कंपाउंडरच की."

तिला तो शब्द माहीत नव्हता. ती अमेरिकेत जन्मलेली, इथेच वाढलेली. तिने आईकडे पाहिलं आणि आईने मान खाली घातली. मग तिने अर्थ विचारलाच नाही. माझ्या आवाजात तो तिला ऐकू आला होता.

या एका शब्दाबद्दल मला लिहायचं आहे. तो माझ्या तोंडून का आला आणि पुढे दीड-दोन वर्षांत तो माझाच मला कसा बोचायला लागला, याबद्दल.

मी डॉक्टर आहे. १९८६ मध्ये महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवला, एमबीबीएस झालो, पुढे मेडिसिनमध्ये एमडी केलं. १९९७ मध्ये अमेरिकेत आलो तेव्हा माझी एमडी इथे धरली गेली नाही. परीक्षा दिल्या आणि रेसिडेन्सीची तीन वर्षं पहिल्यापासून काढली. तेव्हापासून ओहायोतल्या एका रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण पाहतो.

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. इथल्या कुठल्याही रुग्णालयात ते रोज भेटतात. ते रुग्ण तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात, टाके घालतात, शस्त्रक्रियेत सर्जनला साथ देतात. काम डॉक्टरांच्या जोडीने चालतं. देखरेख किती आणि कशी, याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. देशभरात आज दीड लाखाहून जास्त पीए आहेत. चार वर्षांची पदवी, त्यात रसायनशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय झालेले असावे लागतात, आणि त्यावर साधारण २७ महिन्यांचं पदव्युत्तर शिक्षण. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष वर्गात आणि प्रयोगशाळेत, उरलेलं रुग्णांपाशी. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, फॅमिली मेडिसिन, इमर्जन्सी, अशी प्रत्येक ठिकाणी चार-सहा आठवड्यांची रोटेशन्स. शेवटी राष्ट्रीय परीक्षा. एका दिवसात ३०० प्रश्न, साठ-साठ प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला एक तास.

ही सगळी माहिती मी आज सहज लिहून गेलो. त्या मे महिन्यात मला यातलं जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. वीस वर्षं मी पीएंच्या सोबत काम करत होतो. रात्री दोन वाजता रुग्णाचा रक्तदाब पडला की मला उठवण्याआधी पहिली धावपळ तेच करायचे. त्यांच्याशिवाय माझा एक आठवडाही निभावला नसता. पण तुम्ही कसं शिकलात, असं मी त्यांच्यातल्या एकालाही कधी विचारलं नाही. जे विचारायची मला गरजच वाटली नव्हती, त्याच्याबद्दल माझं मत मात्र पक्कं होतं.

ते मत असं की, ज्यांना डॉक्टर होता येत नाही ते पीए होतात.

माझा हिशेब साधा होता. एमबीबीएसची साडेपाच, एमडीची तीन, रेसिडेन्सीची तीन, अशी माझी साडेअकरा वर्षं. तिचे २७ महिने. हा हिशेब मांडताना तिच्या पदवीची चार वर्षं मी खुशाल वगळली होती. मी बारावीनंतर थेट मेडिकलला गेलो, ती पदवी घेऊन जाणार होती, हे मला दिसत असूनही दिसलं नाही. आणि आणखी एक गोष्ट मी मोजली नव्हती. पीएच्या अनेक अभ्यासक्रमांना अर्ज करण्याआधी रुग्णसेवेचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, तोही शेकडो, कधी हजार-हजार तासांचा. मुलगी ते तास वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये भरत होती. पदवीच्या सुट्ट्यांत आणि नंतरचं पूर्ण वर्ष. म्हाताऱ्यांना कुशीवर वळवणं, पुसून काढणं, डायपर बदलणं, घास भरवणं. ती पहाटे साडेपाचला घरून निघायची. तिच्या कपड्यांना येणारा तो नर्सिंग होमचा वास मला आवडत नव्हता, आणि तो का आवडत नाही हे मी स्वतःला धड सांगत नव्हतो. मी एमबीबीएसला गेलो तेव्हा मी एकाही आजारी माणसाचं अंग पुसलेलं नव्हतं. पुढेही फारसं पुसलं नाही. ते काम दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात तिचा अभ्यासक्रम सुरू झाला. सप्टेंबरात महाराष्ट्र मंडळाचा गणपती होता. जेवणाच्या रांगेत जुन्या ओळखीच्या एका वहिनींनी विचारलं, "लेक काय करते सध्या?" मी म्हणालो, "मेडिकलला आहे."

मुलगी माझ्या मागेच ताट घेऊन उभी होती.

गाडीत ती काही बोलली नाही. घर आल्यावर दार उघडता उघडता एवढंच म्हणाली, "बाबा, तू माझ्याबद्दल खोटं बोललास." त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. आपलं खोटं पकडलं गेलं की आधी राग येतो, आणि बाप म्हणून तो दाखवायची मुभा मी नेहमीच घेत आलो होतो.

यानंतर जे झालं ते घरात झालं नाही, वॉर्डात झालं.

पीएच्या विद्यार्थ्यांना रुग्णालयात एखाद्या अनुभवी डॉक्टरच्या किंवा पीएच्या हाताखाली काम करावं लागतं. असे शिकवणारे कायम कमी पडतात. जवळच्या एका अभ्यासक्रमाकडून मला दरवर्षी विचारणा यायची आणि मी दरवर्षी नाही म्हणायचो. २०२४ च्या जानेवारीत आमच्या विभागप्रमुखांनी गळ घातली म्हणून पाच आठवड्यांसाठी एक विद्यार्थिनी घेतली. वय एकोणतीस. आधी चार वर्षं ॲम्ब्युलन्सवर काम केलेली. पहिल्या आठवड्यात मी तिच्याशी कसा वागलो ते सांगायला हवं. वाईट बोललो नाही. पण राउंडवर अवघड प्रश्न मी रेसिडेंट डॉक्टरांना विचारायचो आणि तिला रिपोर्ट शोधायला सांगायचो. तिच्याकडून मला काही अपेक्षाच नव्हती, आणि ते तिला कळत असणारच.

दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ आदल्या रात्री पायाच्या सेल्युलायटिससाठी, म्हणजे त्वचेच्या जंतुसंसर्गासाठी, दाखल झाले होते. पाय लाल, तापलेला. शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाइन चालू. सकाळी तिने त्यांना तपासून टिपण लिहिलं आणि राउंडवर केस सांगितली. ताप उतरतो आहे, लाली पेनने आखलेल्या रेषेच्या आत आली आहे, फुप्फुसं दोन्ही बाजूंना स्वच्छ. मी खोलीत गेलो, पाय पाहिला, छातीला समोरून स्टेथोस्कोप लावला, दोन प्रश्न विचारले, बाहेर आलो. माझ्याही टिपणात तेच गेलं. फुप्फुसं स्वच्छ.

दुपारी एकच्या सुमारास मी संगणकापुढे बसलो होतो. ती येऊन खुर्चीशेजारी उभी राहिली. मी मान वळवेपर्यंत थांबली.

"माझं सकाळचं टिपण चुकीचं आहे," ती म्हणाली.

मी विचारलं, काय चुकलं?

"सगळीकडे स्वच्छ असं मी लिहिलं, पण मी फक्त समोरून ऐकलं होतं. ते गुंगीत होते, त्यांना उठवून बसवायचं मी टाळलं. जेवताना ते डोक्यातून जाईना म्हणून आत्ता परत गेले. नर्सच्या मदतीने त्यांना बसवलं आणि पाठीवरून ऐकलं. दोन्ही बाजूंना, अगदी तळाशी, क्रॅकल्स आहेत असं मला वाटतंय. माझी चूकही होत असेल. तुम्ही येऊन ऐकाल का? आणि मला टिपण दुरुस्त करायचंय."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती घाबरलेली होती, गळ्याजवळची कातडी लाल झाली होती. पण वाक्यं तिने एकामागून एक नीट सांगितली. सबब एकही नव्हती. रात्रपाळीवाल्यांनी सांगितलं नाही, पेशंट सहकार्य करत नव्हता, मला वेळ मिळाला नाही, यातलं एकही वाक्य नाही. मी टाळलं, असं ती म्हणाली.

आम्ही खोलीत गेलो. तिने गृहस्थांच्या पाठीमागे हात घालून त्यांना पुढे ओणवं धरलं. गाउनची नाडी सोडली. मी उघड्या पाठीवर, फुप्फुसाच्या तळाशी स्टेथोस्कोप ठेवला आणि त्यांना खोल श्वास घ्यायला सांगितलं. कानाजवळचे केस बोटांत चोळले तर येतो तसा बारीक, कुरकुरता आवाज. आम्ही विद्यार्थी असताना याला क्रेप्स म्हणायचो. उजवीकडे होता, डावीकडेही होता. सलाइनचं पाणी त्यांच्या थकलेल्या हृदयाला झेपत नव्हतं, ते फुप्फुसांत साचायला लागलं होतं.

सलाइन बंद केलं, लघवी होण्याचं औषध दिलं, एक्स-रे काढला. दुसऱ्या सकाळी ते उशाला टेकून नाश्ता करत होते. फार मोठं संकट टळलं असा माझा दावा नाही. कदाचित संध्याकाळपर्यंत धाप लागली असती आणि नर्सच्या लक्षात आलं असतं. माझ्या आत जे हललं ते निदानामुळे हललं नाही.

ती माझ्या शेजारच्या संगणकावर बसून आपलं टिपण दुरुस्त करत होती. सकाळी अमुक वाजता केलेली तपासणी अपुरी होती, दुपारी पुन्हा तपासलं, असं तिने स्पष्ट लिहिलं. आणि माझ्या पडद्यावर माझं टिपण तसंच होतं. फुप्फुसं स्वच्छ, खाली माझं नाव, माझी पदवी. मीही पाठीवरून ऐकलेलं नव्हतं. मीही त्यांना उठवून बसवायचं टाळलं होतं. तिला हे ठाऊक नव्हतं आणि मी तिला ते सांगितलं नाही. "परत गेलीस ते बरं केलंस," एवढंच म्हणालो. ती उठून गेल्यावर मग माझ्या टिपणात भर घातली.

साडेअकरा वर्षं शिकलेला माणूस त्या बाईच्या पाठीमागे लपला होता.

रात्री झोप लागली नाही. १९९१ साल डोळ्यांपुढे आलं. मी इंटर्न होतो. मेडिसिनमध्ये रुग्ण दाखल करून घ्यायच्या दिवशी रात्रभर रुग्ण येत राहायचे, खाटा संपल्या की जमिनीवर गाद्या पडायच्या. प्रत्येकाचा केसपेपर लिहायचा. आम्ही एक शिकलो होतो, एन.ए.डी. म्हणजे तपासणीत दोष आढळला नाही. हृदय, एन.ए.डी. श्वसनसंस्था, एन.ए.डी. मज्जासंस्था, एन.ए.डी. पहिल्या दहा जणांच्या छातीला स्टेथोस्कोप लागायचा. मध्यरात्रीनंतर पेन नुसता चालायचा. ज्या छातीला मी हातही लावला नाही तिच्याबद्दल दोष आढळला नाही असं मी लिहिलं आहे. एकदा नाही, कितीतरी वेळा. सकाळच्या राउंडला त्यातलं एखादं उघडं पडलं तर काय करायचं हेही आम्ही शिकलो होतो. रात्री नव्हतं सर, आत्ता सुरू झालेलं दिसतंय, असं म्हणायचं. कारण मला माहीत नाही, किंवा मी पाहिलं नाही, असं म्हणणाऱ्याला दहा विद्यार्थ्यांपुढे, रुग्णाच्या नातेवाइकांपुढे सोलून काढलं जायचं. मी सोलला गेलो होतो. पुढे रेसिडेंट झाल्यावर मीही इंटर्न्सना सोललं.

गर्दी खरी होती, थकवा खरा होता. त्या परिस्थितीत काम करणाऱ्यांना आज इथे बसून दोष देण्याचा मला हक्क नाही. पण माझ्या हिशेबातली ती साडेअकरा वर्षं मी आता उलगडून पाहत होतो आणि त्यांतला किती काळ विद्या शिकण्यात गेला आणि किती सोसण्यात, हे मला नीट वेगळं काढता येईना. मी आजवर शिक्षण सोसण्यात मोजत आलो होतो. ज्याचे हाल जास्त, तो जास्त शिकलेला. मुलीने कमी सोसावं हे मला फसवणुकीसारखं वाटत होतं. त्याच वर्षांत मी न पाहिलेलं लिहायलाही शिकलो होतो, हे मी कधी मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थिनीला विचारलं, "टिपण दुरुस्त करायला हवं हे तुला कुणी सांगितलं?" तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, पहिल्या वर्षी तपासणी शिकवतानाच सांगतात, जे केलं नाही ते लिहायचं नाही. आणि चुकलं तर पुढच्या माणसाला लगेच सांगायचं, कारण तुम्ही एकटे नाही आहात.

हे शेवटचं वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवलं. मी एकट्याने सगळं पेलायचं असं शिकलो होतो. तिला शिकवलं गेलं होतं की, पलीकडे दुसरं कुणीतरी आहे, त्याला वेळेत हाक मारणं हेच तुझं कौशल्य. मी ज्याला दुय्यमपणा म्हणत होतो, तो या शिक्षणाचा कणा होता.

त्या वसंतात त्या विद्यार्थिनीच्या अभ्यासक्रमाने मला प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून बोलावलं आणि मी गेलो. एका बाजूने दिसणाऱ्या काचेमागे मी बसलो. पलीकडे छोटी खोली, तपासणीचं टेबल, त्यावर रुग्णाचं काम करणारा प्रशिक्षित नट. विद्यार्थी आत येतो. माझ्या हातात यादी. हात धुतले का. आपण पीएचे विद्यार्थी आहोत हे रुग्णाला सांगितलं का. रुग्णाचं बोलणं मध्येच तोडलं का. स्टेथोस्कोप त्वचेवर ठेवला की कपड्यावर. कपड्यावर ठेवला तर त्या तपासणीला शून्य. पाठीच्या दोन्ही बाजू, वरपासून तळापर्यंत, तुलना करत ऐकल्या का. शेवटी रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितलं का, आणि काय समजलं ते त्याच्याकडून वदवून घेतलं का. एक मुलगा पाठ तपासायला विसरला. बाहेर पडताना दाराशी थबकला, वळला, रुग्णाला म्हणाला, माफ करा, एक राहिलं. पुन्हा हात धुतले आणि पाठ तपासली. त्या सकाळी मी बारा विद्यार्थी पाहिले. त्या मंगळवारी माझी तपासणी कुणी या यादीवर घेतली असती तर मी नापास झालो असतो.

मग मी वाचायला लागलो. हे शिक्षण कुठून आलं हे तरी कळू दे. १९६५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी चार विद्यार्थ्यांवर ते सुरू केलं. चौघेही नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम करून आलेले. त्याआधी स्टेड यांनी परिचारिकांसाठी असाच प्रगत अभ्यासक्रम करून पाहिला होता, पण परिचर्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेने त्याला मान्यता दिली नाही. दोन वर्षांचं शिक्षण संपवून ६ ऑक्टोबर १९६७ रोजी तिघे बाहेर पडले. स्टेड यांच्यापुढे एक जिवंत उदाहरणही होतं. त्याच राज्यातल्या गारलंड या खेड्यात डॉ. एमॉस जॉन्सन यांनी हेन्री ट्रेडवेल या कृष्णवर्णीय सहायकाला आपल्या दवाखान्यात हाताशी धरून तयार केलं होतं. डॉक्टर परगावी गेले तरी ट्रेडवेल यांच्यामुळे दवाखाना चालू राहायचा. सुरुवातीला नुसतं प्रमाणपत्र देणारे हे अभ्यासक्रम हळूहळू पदवीचे झाले, आणि २०२० नंतर दाखल होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली.

ट्रेडवेल यांच्याबद्दल वाचताना मला तात्या आठवले.

बार्शीला माझ्या आजोबांचा दवाखाना होता. तात्या त्यांचे कंपाउंडर. लाल मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणा दाखवायला ते कागदाची पट्टी घडी घालून कात्रीने कातरायचे. पट्टी उलगडली की दोन्ही कडांना सारखे दाते यायचे, मग ती खळीने बाटलीवर चिकटवायची. मी शाळकरी वयात तासन्‌तास ते पाहत बसायचो. कुणाची जखम चिघळते आहे, कुणाकडे औषधाला पैसे नाहीत, कोण गोळ्या घेतो म्हणतो आणि घेत नाही, हे आजोबांना तात्यांकडून कळायचं. ज्या शब्दाने मी मुलीला खाली दाखवलं, तो शब्द माझ्या बालपणातल्या एका चांगल्या माणसाचं काम होता. मी एका वाक्यात दोघांचा अपमान केला.

आणि आजोबा? ते एमबीबीएस नव्हते. एल.सी.पी.एस. होते, पदवीपेक्षा कमी मुदतीचं शिक्षण घेतलेले परवानाधारक डॉक्टर. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात नोंद आहे की देशातल्या सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० असे परवानाधारक होते. समितीने बहुमताने एकाच दर्जाच्या पदवीधर डॉक्टरची शिफारस केली आणि ही वाट पुढे बंद झाली. मेडिकलला गेल्यावर मित्रांपुढे आजोबांची पदवी सांगायची वेळ आली की मी "डॉक्टर होते" एवढंच सांगायचो. मंडळाच्या गणपतीत "मेडिकलला आहे" म्हणालो, तेव्हा मी नवीन काही करत नव्हतो. ही लपवालपवी माझी जुनीच होती.

माझ्या सगळ्या शंका मिटल्या असं मला म्हणायचं नाही. २७ महिन्यांत डॉक्टर घडत नाही आणि घडवायचा हेतूही नाही. नुकत्याच बाहेर पडलेल्या पीएला रात्रपाळीत, मदतीला कुणी नसताना, गंभीर रुग्णांपुढे उभं करणं हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि रुग्णावरही. पैसे वाचवायला असं करणाऱ्या व्यवस्थापनांबद्दल मी बोलत राहीन. आपल्या समोर कोण आहे हे रुग्णाला स्पष्ट कळलं पाहिजे. २०२१ मध्ये इथल्या पीएंच्या संघटनेने नावातलं असिस्टंट काढून असोसिएट करायचं ठरवलं, त्यावरही माझ्या मनात दोन्ही बाजू आहेत. पण आता हे आक्षेप मी त्यांच्यासाठी घेतो. पूर्वी त्यांच्याविरुद्ध घ्यायचो.

भारतातही ही वाट नवी नाही. १९९२ मध्ये चेन्नईत हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी पीएचं शिक्षण सुरू केलं. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यक्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांबरोबर पीएंनाही मान्यतेच्या चौकटीत घेतलं. गावातल्या भाच्या-पुतण्यांचे मला फोन येतात, "काका, नीटला मार्क कमी पडले, पीएचा कोर्स कसा आहे?" पूर्वी मी म्हणायचो, "परत नीट दे." आता विचारतो, "तुला आजारी माणसापाशी बसायला आवडतं का?" उत्तर हो असेल तर पुढे बोलतो. कुठे शिकवतात, रुग्णांपाशी किती महिने ठेवतात, चुकलं तर सांगायला कुणी वरिष्ठ शेजारी असतो का, हे तपासून बघ म्हणतो. नुसतं मार्क कमी पडले म्हणून येऊ नकोस, असंही सांगतो.

मुलगी २०२५ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाली. आता फॅमिली मेडिसिनच्या एका दवाखान्यात काम करते. दर दोन वर्षांनी १०० तासांचं निरंतर शिक्षण, दर दहा वर्षांनी पुन्हा परीक्षा, हे तिच्या मागे कायमचं आहे.

पण मला सांगायची आहे ती २०२४ च्या वसंताच्या अखेरची एक संध्याकाळ. ती शनिवार-रविवारसाठी घरी आली होती. मी तिला त्या विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली, आणि माझ्या टिपणाचीही, जी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. कंपाउंडर या शब्दाचा अर्थ सांगितला, तात्या सांगितले. म्हणालो, "तो शब्द मी वाईट अर्थाने वापरला. माझं चुकलं." ती बराच वेळ गप्प होती. "ते ठीक आहे" असं ती म्हणाली नाही, आणि म्हणाली नाही तेच बरोबर होतं.

मग तिने बॅगेतून स्टेथोस्कोप काढला. सोमवारी तिची परीक्षा होती, सरावाला कुणीतरी हवं होतं. मी जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसलो. तिने हात धुतले. "शर्ट काढ," म्हणाली. मी टेबलावर हात टेकून पुढे वाकलो. पाठीवर थंड चकती टेकली. गेल्या कित्येक वर्षांत माझी पाठ कुणी अशी तपासली नव्हती.

"बाबा, खोल श्वास घे." मी घेतला. चकती एक एक बोट खाली सरकत गेली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. तळाशी येऊन ती थांबली.

"इथे मला नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत घे."

मी परत घेतला.